दुसरी टाकी

वाडी नाक्यामागे, वजनकाट्याला लागून आमचं शेड.
मे महिना. बारानंतर पान्हासुद्धा
फडक्यात गुंडाळून धरावा लागतो.
अशात बोबडे गुरुजी आले, छप्पनची डॉज पिकप घेऊन,
कामठीच्या लष्करी लिलावातली.
मूळचं पेट्रोल इंजिन भंगारात जाऊन जमाना झाला,
आता पर्किन्स, डिझेलवर.
चालू होण्याआधी म्हशीसारखी अंग झाडते.

"टाकी बसवून दे. मोठी. दीडशे लिटरची."
"अन् जुनी?"
"राहू दे. तिनं काय केलं?"

मी फरशीवर खडूनं मांडलं:
दीडशे अन् साठ, दोनशे दहा. लिटरला आठ.
"गुरुजी, एवढ्यात कन्याकुमारी येते."
"येऊ दे," म्हणाले, "मी कुठं जाऊन राहिलो!"

हौद्याखाली उताणा पडून माप घेतलं,
पुठ्ठा कापला, शाफ्टपासून चार बोटं सोडून.
तीन मिलिमीटरचा पत्रा. आत दोन आडव्या भिंती,
भोकं पाडलेल्या. नाहीतर उतारावर ब्रेक दाबला
की डिझेल उठून पुढे पळतं,
गाडी थांबली तरी ते थांबत नाही.

वेल्डिंग इद्रीसचाचांचं.
त्यांना डाव्या डोळ्यावर भुवई नाही:
चौऱ्याण्णव साली एक जुनी टाकी
पाणी न भरताच जोडायला घेतली होती.
तेव्हापासून नव्या कोऱ्या टाकीलाही
आधी नाक लावून हुंगतात.
हवा भरली. साबणाचं पाणी फिरवलं.
शेवटच्या कोपऱ्यात एक बुडबुडा, मोहरीएवढा.
चाचांनी त्याला मोठा होऊ दिला, फुटू दिला,
मग हवा सोडून मशीन ओढलं.

पट्टे दोन. त्यांच्याखाली वेकोलिच्या भंगारातलं रबर,
कोळसा वाहून वाहून गुळगुळीत झालेलं.
तीन तोंडांचा कॉक सीटखाली.
डावीकडे जुनी, उजवीकडे नवी.

ट्रायलला नवीत पाच लिटर ओतलं
अन् निघालो अमरावती रोडनं.
बाजारगावला गाडी खोकलली, मेली.
नवी कोरडीठाक.
अन् जुनीचा काटा, जो हलायलाच नको होता,
वर चढून बसलेला.

परतीची नळी. ती मी जुनीलाच ठेवली होती.
इंजिन नवीतून ओढत होतं
अन् उरलेलं सगळं गुपचूप जुनीत सोडत होतं.

गुरुजी बंपरवर बसून हसायला लागले.
"एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो.
तीस वर्षं फळ्यावर काढली रे ही टाकी.
आज दिसली."
मला सातवी ब आठवली. याच गणिताला भोपळा,
अन् वहीवर लाल शाईत: उत्तर टाकीत शोध.

परतीलाही कॉक टाकला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

बाकीचे मोजून देताना ते एवढंच बोलले:
"नोकरी लागली तेव्हा वीसचं टाक म्हणायचो.
मग पन्नासचं. मग दोनशेचं.
आता तर पंपावरचा पोरगा मला लांबून पाहतो
अन् न विचारता दोनशेचं बटण दाबतो."

पंपावर मीच सोबत गेलो, झाकणातून गळतं का पाहायला.
"फुल कर."
पहिल्यांदा आवाजच निघाला नाही.
घसा खाकरून पुन्हा: "फुल. दोन्ही."

मीटर पळत सुटलं.
मागे ऑटोवाले हॉर्न मारून थकले, दुसऱ्या रांगेत गेले.
गुरुजी खिशाला हात लावून उभे,
ओठांतल्या ओठांत आकड्यांच्या मागे मागे,
हजारावर अडखळत, पुन्हा गाठत.

खटकन नळ बंद झाला.
पोरानं झाकण फिरवलं, हात पुसले, विचारलं,
"लांब जाऊन राहिले का, काका?"

"त्रिमूर्ती नगर," गुरुजी म्हणाले
अन् कॉक उजवीकडे वळवला.